पहिला शेजारी

एल्सिंक गल्ली, १२ मार्च

बेरेंड होइटिंक यास,

पाकिटावर तिकीट लावलंय, ते बघून हसू नकोस. तुझं दार माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं, पत्र हातानेही टाकता आलं असतं. पण तुझ्या आवारात पाऊल टाकायचं नाही असं काल रात्री ठरवलं. म्हणून हे पत्र आता गाडीत बसून शहरात जाईल, शिक्का मारून घेईल आणि त्याच गल्लीत परत येईल. तेवढा प्रवास त्याला झेपेल.

काल गावाच्या सभागृहात तू जे बोललास ते मी ऐकलं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि तू मला पाहिलं होतंस, तेव्हा नाही म्हणू नकोस.

विद्यापीठातली ती मारिट नावाची मुलगी बिचारी साधं विचारत होती. युरोपातल्या सगळ्या देशांनी मिळून पैशांचा एकच डबा करावा का, ज्या देशात कामं बुडतील त्याने त्यातून घ्यावं आणि बरे दिवस आले की पुन्हा भरावं. हो म्हणणाऱ्यांनी हिरवा कागद वर करायचा, नाही म्हणणाऱ्यांनी लाल. तुला नुसता लाल कागद पुरला नाही. तू उभा राहिलास.

"आम्ही इथे उत्तरेत पहाटे उठून गाई पिळायच्या आणि तिकडे दक्षिणेत ते भर दुपारी खिडक्या लावून घोरणार," म्हणालास. "मला पुस्तकातून शिकवू नका, पोरी. माझ्या समोरच एक घर आहे. बाईचा भाऊ आला पोर्तुगालहून, महिनाभरासाठी म्हणाला. बूड टेकलं ते टेकलंच. शेवटी कुणीतरी पेन्शनच्या कचेरीला सांगितलंच."

सगळे हसले. आपल्या गल्लीतला टोने हसला, बेकरीवाली हसली. पाद्रीबुवांनी हसू दाबलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

कुणीतरी. किती छान शब्द आहे, बेरेंड. दीड वर्ष मी गल्लीतल्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होते की हा असेल का, ही असेल का. बेकरीवालीवर तर मी इतका डूख धरला की तिच्याकडचा पाव बंद केला. आणि तू दर रविवारी हात वर करून मला "काय लिंडा, बरं ना?" म्हणत होतास.

आता ऐक त्या दिवशी काय झालं. तू नुसता फोन फिरवलास, पुढचं तुला माहीत नाही.

पेन्शनच्या कचेरीतला माणूस पुढच्या दाराने आला. तेव्हाच मला कळायला हवं होतं. या गल्लीत पुढच्या दाराने येतात डॉक्टर, पाद्री आणि वाईट बातमी, बाकी सगळे मागून येतात. मी त्याला कॉफी दिली. तुमच्या रीतीप्रमाणे एकच बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. त्याने मला तीन गोष्टी विचारल्या. तुम्ही एकट्या राहता का? तुमच्या टेबलाशी कोण जेवतं? न्हाणीघरात दातांचे ब्रश किती?

आणि मी मूर्ख बाई, मी अभिमानाने सांगितलं. नाही हो, एकटी कशी असेन, माझा सख्खा भाऊ आहे सोबत. वर जाऊन दोन्ही ब्रश आणून दाखवले. मला वाटलं, हा माणूस खूश होईल. आमच्याकडे म्हातारी बहीण भावाला सांभाळते असं कळलं की लोक तिचं नाव काढतात. इथे त्याने मान हलवली, लिहून घेतलं, उठला आणि म्हणाला, "आपल्याला कळवण्यात येईल."

कळवण्यात आलं. एकटीची पेन्शन जास्त, दोघं एका छपराखाली असली की कमी. नियम आहे, नियमाशी माझं भांडण नाही. पण आल्बानोने ते ऐकलं आणि ताट बाजूला सारलं. "मी तुझ्या ताटातलं खातोय, देओलिंदा," म्हणाला. मी शिव्या दिल्या, बॅग लपवली. तो पिशवीत कपडे भरून गेला. तिकडे त्याचा कॉर्कचा कारखाना बंदच होता. एका भाड्याच्या खोलीत जानेवारीत तो गेला आणि घरमालकिणीला चौथ्या दिवशी कळलं. मी पोचेपर्यंत पुरून झालं होतं. त्याची शवपेटी नगरपालिकेच्या भाड्याच्या माणसांनी उचलली. त्यांच्यातल्या एकालाही त्याचं नाव माहीत नव्हतं.

आल्बानो आयुष्यभर कुऱ्हाडीने कॉर्कच्या झाडाची साल अशी काढायचा की झाडाला ओरखडा पडत नसे. तुझं वादळात पडलेलं पॉप्लरचं झाड कुणी फोडून दिलं होतं? तुझ्या गोठ्यामागे रचलेलं लाकूड कुणाच्या हातचं आहे? काल सभागृहातून घरी जाऊन तू त्याच लाकडावर शेकलास.

तेव्हा आता माझं ऐक. तुझं घर आणि माझं घर एकमेकांचे पहिले शेजारी आहेत. हे तुझ्या बापाने आणि माझ्या सासऱ्याने पेला रिकामा करून ठरवलेलं आहे. एका घरात कुणी गेलं की समोरच्याने यायचं, धुवायचं, कपडे घालायचे, घरोघर सांगत फिरायचं, पेटी उचलायची, आणि त्या घरच्यांनी कशालाही हात लावायचा नाही. माझा नवरा गेरिट गेला तेव्हा तू आणि तुझ्या बायकोने ते केलंत. मी विसरलेले नाही, म्हणूनच तर जास्त जळतंय.

पण रीत अशी आहे की ज्याच्या घरी मरण येतं त्याने समोर जाऊन, दारात उभं राहून, तोंडाने मागायचं. मागितल्याशिवाय कुणी येत नाही. तो दिवस तुझ्या घरी येईल, बेरेंड. तू माझ्या दारात येशील. आणि मी तुला तेच तीन प्रश्न विचारीन, त्याच क्रमाने. तू एकेकाचं उत्तर देशील. आणि मग मी तुला म्हणेन, कळवण्यात येईल. आणि दार लावून घेईन.

देवाकडे मी दुसरं काही मागत नाही.

समोरची

*

९ मे

बेरेंड,

काल तुझी बायको माझ्याकडे आली होती. तुला सांगून आली नसणार, म्हणून मी सांगते. तुझ्यापासून लपवाछपवी करण्याची माझी इच्छा नाही. तुला सगळं कळावं आणि तुझी झोप जावी अशी माझी इच्छा आहे.

दीनी मागच्या दाराने आली. सायकल हातात धरून, तिच्यावर न बसता, आधाराला धरतात तशी. तिच्याकडे बघूनच मला कळलं. तिने कोट काढला नाही.

"डॉक्टरांनी औषध थांबवलं," म्हणाली. "उन्हाळा बघेन म्हणतात. सफरचंदं नाही बघणार."

मी कॉफी ठेवली. बिस्किटांचा डबाच तिच्यापुढे सरकवला. तिने एक घेतलं, मग दुसरं घेतलं, आणि माझ्याकडे बघून हसली. या गल्लीत इतक्या वर्षांत दुसरं बिस्किट घेणारी मी पहिलीच पाहिली.

"आता काय होणार आहे मला," म्हणाली. "बेरेंडने मला तुझं पत्र दाखवलं नाही. मी त्याच्या विजारीच्या खिशात शोधलं. तू बरोबर लिहिलंयस."

"तुला माहीत होतं? कचेरीचं?"

"सभागृहात कळलं. तुझ्याबरोबरच. मी चौथ्या रांगेत होते, तुझ्या मागे." मग म्हणाली, "माझा नवरा गाढव आहे हे तू मला लग्नाआधी सांगायला हवं होतंस."

"मी तेव्हा या देशातच नव्हते, दीनी."

"तीच तर माझी तक्रार आहे."

आम्ही दोघी हसलो. मला हसायचं नव्हतं, तुझ्या घरातल्या कुणाबरोबर तर नाहीच, पण दीनीपुढे माझं कधी चाललंय. मग ती ज्यासाठी आली होती ते तिने सांगितलं.

"मला धुवायला भाड्याच्या बाया नकोत, लिंडा. त्या मऊ हातमोजे घालतात आणि हळू आवाजात बोलतात. तू ये. तुझे हात खरबरीत आहेत आणि तू काम करताना स्वतःशीच बडबडतेस. मला ते चालेल."

मी म्हटलं, "त्याने मागायला यावं. दारात. तोंडाने."

"तो नाही यायचा. त्याला लाज वाटते. लाज वाटली की तो आणखी मोठ्याने बोलतो, तू बघितलंस ना. फार तर शहरातल्या कंपनीला फोन करील."

"मग मीही नाही यायची."

तिने बराच वेळ कपातला चमचा फिरवला. मला वाटलं रडेल किंवा ओरडेल. ती म्हणाली, "बरोबर आहे तुझं. मीही असंच केलं असतं." आणि उठून गेली. दारातून वळून म्हणाली, "आल्बानोसाठी मी एक स्वेटर विणत होते. एक बाही राहिली. तुला हवा तर घे."

मी नाही घेतला. तिच्यावर मला राग धरता आला नाही, आणि त्याचाच मला राग आला. ती गेल्यावर मी भांडी इतकी आपटली की गेरिटच्या आईची थाळी फुटली.

तेव्हा आता तुला दोन्ही बाजू ठाऊक झाल्या. ती काय मागते ते तुला माहीत आहे, माझी अट काय आहे तेही. मध्ये फक्त एक गल्ली आहे, ट्रॅक्टर जाईल एवढी. ती ओलांडायची की नाही हे तुझ्या हातात. तू नाही ओलांडलीस तर दीनीला अनोळखी हात लागतील, जसे माझ्या भावाला लागले, आणि ते तुझ्यामुळे. मला याचं वाईट वाटतं का? दीनीचं वाटतं. तुझं नाही.

समोरची

*

२१ सप्टेंबर

बेरेंड,

सगळं आटोपलं. खुर्च्या सभागृहात परत गेल्या, कॉफीचे मोठे थर्मास मी घासून दिले. आता लिहिते, कारण तू त्या चार दिवसांत काहीच धड पाहिलं नाहीस आणि मला वाटतं तू ते पाहायला हवंस.

मंगळवारी पहाटे तुझ्या अंगणात डॉक्टरची गाडी आली तेव्हा मी जागी होते. गाडी गेली. वरच्या खोलीची खिडकी कुणीतरी उघडून ठेवली, घरात कुणी गेलं की उघडतात तशी, त्यावरून समजलं. मी उठून धुतलेला एप्रन इस्त्री केला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग बसून राहिले.

तू आला नाहीस. सकाळचं दूध काढलंस, मला आवाज आला. मग टोने माझ्या मागच्या दारात आला, टोपी हातात धरून.

"लिंडा, अजून नाही आला?"

"नाही."

"तू जाऊन ये की. बाई मेली आहे तिथे."

"तू हसला होतास, टोने," मी म्हटलं. "मार्चमध्ये. दात दिसले होते तुझे."

तो गेला. पण घरी गेला नाही, कोपऱ्यावर उभा राहिला. मग बेकरीवाली आली आणि त्याच्याशेजारी उभी राहिली. गल्लीतले सगळे हळूहळू कामं काढून बाहेर आले, कुणी कुंपण बघत होता, कुणी आधीच झाडलेलं झाडत होता. तू आतून ते बघत होतास, मला माहीत आहे. तुझ्या हातात फोन होता, तोही मला दिसला. आपल्याकडे पडदे कुणी लावत नाही ना.

दुपार होत आली तेव्हा तू निघालास. काळा कोट, रबरी बूट. कोटाखाली बूट बदलायचे राहिले होते. तू माझ्या आवारात आलास आणि पुढच्या दाराची घंटा वाजवलीस.

सहा महिने मी त्या घंटेची वाट पाहिली होती, बेरेंड. आडवं पडल्यावर, बटाटे सोलताना, चर्चमध्येसुद्धा. मी दार उघडलं.

तू म्हणालास, "दीनी गेली. मागायला आलोय."

मी म्हटलं, "तू एकटा राहतोस का?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं आता वळशील. तू म्हणालास, "हो. आज पहाटेपासून."

ते उत्तर मी धरलं नव्हतं. माझ्या मनात मी तुला शंभरदा उभं केलं होतं, पण दर वेळी तू मान खाली घालून गप्प असायचास. तरी मी थांबले नाही. लोक बघत होते म्हणून नव्हे, मला थांबायचं नव्हतं म्हणून.

"तुझ्या टेबलाशी कोण जेवतं?"

"कुणी नाही."

"न्हाणीघरात ब्रश किती?"

"दोन," तू म्हणालास. आणि मग, मी न विचारता, "दुसऱ्याचं काय करायचं असतं, देओलिंदा?"

सगळ्या गल्लीने माझं नाव कापून लिंडा केलं, त्यात पहिला तू. त्या दिवशी तू ते अख्खं घेतलंस आणि चुकीच्या जागी जोर देऊन घेतलंस. त्याने मी विरघळले असं समजू नकोस. मी ठरवलं होतं ते बोलले. "आपल्याला कळवण्यात येईल," म्हटलं, आणि तुझ्या तोंडावर दार लावलं. कडी घातली. कडीचा आवाज टोनेपर्यंत गेला असेल. गेलाच पाहिजे होता.

मग मी आतल्या बाजूने घर ओलांडलं, एप्रन बांधला, मागचं दार सताड उघडलं आणि ओरडून म्हटलं, "पुढच्या दाराने कचेरीची माणसं येतात. मागून ये."

त्यानंतरचं तुला आठवत नसेल. तू खुर्चीत बसलास आणि रीतीप्रमाणे तुला उठायचं नव्हतं. मी तुझ्या घराची मालकीण झाले. तुझी कपाटं उघडली, तुझ्या किल्ल्या माझ्या कमरेला होत्या, तुला काय खायचं ते मी ठरवलं. मी तुला सलग चार दिवस आमच्याकडचं केलच्या पाल्याचं सूप आणि ऑलिव्हच्या तेलातला कॉडमासा खाऊ घातला. तुझ्या नातेवाइकांनाही तेच. तुझ्या बहिणीने नाक मुरडलं तेव्हा मी म्हटलं, शोकाच्या घरात बोलायचं नसतं, गिळा. मजा आली, खोटं कशाला बोलू.

दीनीला मी गरम पाण्याने धुतलं. बडबड केली. तुझ्याबद्दल बरंच वाईट बोलले, ती ऐकून घेत होती. तिच्या कपाटात तो स्वेटर होता, एका बाहीचा. मी तो आता घरी आणलाय.

तिचा ब्रश मी जागेवरच ठेवला. काढू नकोस. रोज सकाळी बघ.

समोरची

*

१४ नोव्हेंबर

बेरेंड,

तुझी चिठ्ठी मिळाली. एकच ओळ, तीही पेन्सिलने. "माफ कर." तिकीट लावलेलं पाहून बरं वाटलं, रीत शिकलास. चिठ्ठी सोबत परत पाठवते आहे. माफी माझ्यापर्यंत पोचली, मी ठेवून घेतलेली नाही. ज्याच्याकडे ती जायला हवी होती त्याचा पत्ता आता पोर्तुगालमधली एक दफनभूमी आहे.

तुझी पेन्शन वाढली असेल. एकट्या माणसाची जास्त असते. पत्र आलं तेव्हा तू ते हातात धरून अंगणात बराच वेळ उभा होतास, मी पाहिलं. आल्बानो होता तेव्हा मी खूश होते आणि मला कमी मिळत होतं. तो गेला आणि त्यांनी माझी पुन्हा वाढवली. त्या महिन्यात मी ते पैसे उचललेच नाहीत. आता तुला कळलं ना ते पैसे हातात कसे लागतात. हे मी तुला कितीही पत्रं लिहून समजावू शकले नसते.

आता कालच्या सभागृहाचं. मारिट पुन्हा आली होती, तोच प्रश्न घेऊन, लोकांची मतं बदलली का ते बघायला. तू हिरवा कागद वर केलास. सगळं सभागृह तुझ्याकडे वळून बघत होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी लाल केला.

मारिट गोंधळली. तिला वाटलं मला प्रश्न कळला नाही. जवळ येऊन सावकाश, मोठ्याने सांगायला लागली, बहिऱ्याला सांगतात तसं. "आजी, लाल म्हणजे नाही. तुमच्या देशातल्या लोकांना मदत नको, असं होतं."

"कळलं मला, बाळ," मी म्हटलं. "या लोकांच्या हातून नको. आधी ते दारात येऊन मागायला शिकू देत, मग त्यांनी द्यावं."

तिने काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं देव जाणे. तिच्या हिशेबात आता बेरेंड होइटिंक हा दक्षिणेचा कैवारी आणि मी पोर्तुगालची वैरीण. घरी येऊन मी एकटीच हसले. मग थोडी रडलेही, कारण माझ्या गावात अजून कामं बुडतात आणि माझ्या एका कागदाने कुणाचा तरी घास गेला असेल. पण तुझ्या बाजूने हात वर करणं मला जमलं नाही. अजून नाही.

आता शेवटचं, नीट वाच.

गल्लीत बोललं जातं की मी आता घर विकून पोर्तुगालला जाणार. तूही ते ऐकलं असशील आणि तुला हायसं वाटलं असेल. मी कुठेही जाणार नाही. मी इथेच मरणार आणि इथेच पुरली जाणार, गेरिटच्या शेजारी. मला मूल नाही, म्हणून सगळं आत्ताच सुतारासमोर सांगून ठेवलं आहे. पेटी ओकची. फळ्या जाड. सुतार म्हणाला, "आजी, एवढी जड कशाला, माणसांना उचलताना त्रास होईल." मी म्हटलं, "तेवढ्यासाठीच."

माझ्या भावाला अनोळखी माणसांनी उचललं. मला तू उचलशील. डोक्याकडची बाजू, पहिल्या शेजाऱ्याची जागा. माझ्या दारापासून चर्चपर्यंत, गाडी नको म्हणून सांगितलंय. सगळी गल्ली बघेल. मध्ये खांदा बदलायचा नाही.

तेव्हा मेहेरबानी करून माझ्या आधी मरू नकोस. तू वाळत चाललायस, मला खिडकीतून दिसतं. पाव आणि चीज, पाव आणि चीज, उभ्याउभ्याच खातोस. त्या गुडघ्याला डॉक्टरला दाखव. आणि गुरुवारपासून संध्याकाळी इकडे जेवायला ये. मागचं दार उघडं असेल.

ही मैत्री नाही, बेरेंड. गैरसमज नको. ताटातलं सगळं संपवायचं, तुला ताकद लागणार आहे.

देओलिंदा